विद्यापीठाच्या संघापासून युरोपच्या अजिंक्यपदापर्यंत : सारायेवोच्या ‘बोस्ना’ची सात वर्षे

१/
५ एप्रिल १९७९. फ्रान्समधील ग्रनोबल शहर. युरोपीय अजिंक्यपद चषकाच्या अंतिम सामन्यात इटलीचा वारेसे आणि युगोस्लाव्हियाचा बोस्ना हे दोन बास्केटबॉल क्लब समोरासमोर होते. वारेसेचा हा सलग दहावा अंतिम सामना, तर बोस्नाचा पहिलाच. सात वर्षांपूर्वीपर्यंत बोस्ना स्वतःच्या देशाच्या पहिल्या श्रेणीतही नव्हता. सामना संपला तेव्हा फलकावर ९६-९३ असे गुण होते आणि चषक सारायेवोला निघाला होता. हे कसे घडले आणि पुढे या विजयाकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, त्याविषयी हा थ्रेड.
#इतिहास #थ्रेड

२/
आधी स्पर्धेची ओळख. आज जिला युरोलीग म्हणतात, तिचे मूळ १९५८ साली सुरू झालेल्या युरोपीय अजिंक्यपद चषकात आहे. त्या काळी प्रत्येक देशाचा राष्ट्रीय विजेता आणि स्पर्धेचा गतविजेता एवढेच संघ तीत उतरू शकत. म्हणजे या स्पर्धेत पहिल्यांदा खेळायचे तर आधी घरची लीग जिंकणे भाग होते. युगोस्लाव्हियासारख्या बास्केटबॉलवेड्या देशात हा पहिला उंबरठाच फार उंच होता.

३/
दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल टिटो यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला युगोस्लाव्हिया हा सहा प्रजासत्ताकांचा संघ होता. बोस्निया-हर्जेगोव्हिना हे त्यांपैकी एक, नकाशात जवळजवळ मध्यभागी. मुस्लिम, सर्ब आणि क्रोएट असे तीन मोठे समाज येथे राहत आणि यांपैकी एकाचीही निर्विवाद बहुसंख्या नव्हती. राजधानी सारायेवो. डोंगरांनी वेढलेल्या चिंचोळ्या दरीत वसलेले हे शहर जगाला माहीत होते ते प्रामुख्याने १९१४च्या आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्या हत्येमुळे.

४/
बास्केटबॉलचे केंद्र मात्र इतरत्र होते. युद्धानंतरची सलग दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे, १९४६ ते १९५५, बेलग्रेडच्या रेड स्टारने पटकावली. त्याच क्लबातून बोरिस्लाव्ह स्टान्कोविच, अलेक्सांदर निकोलिच, नेबोयशा पोपोविच आणि रादोमिर शापेर हे चौघे पुढे आले आणि त्यांनी युगोस्लाव बास्केटबॉलची संघटना, प्रशिक्षण आणि विचारपद्धती घडवली. १९७० साली ल्युब्लियानात युगोस्लाव्हिया विश्वविजेता झाला. बेलग्रेड, ल्युब्लियाना, झादार, स्प्लिट ही या खेळाची मातब्बर शहरे ठरली. त्या यादीत सारायेवो नव्हते. १९७८पर्यंत बोस्नियातील एकाही क्लबाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेले नव्हते.

५/
बोस्ना क्लबाची स्थापना १९५१ची. सारायेवोतील विद्यापीठ क्रीडा संस्थेचा तो एक विभाग होता. साहजिकच सुरुवातीचा संघ विद्यार्थ्यांचा होता. येथे एक शब्द जपून वापरायला हवा. आज आपण अशा संघाला सहज ‘व्यावसायिक क्लब’ म्हणतो, पण समाजवादी युगोस्लाव्हियात क्लबाला मालक नसे. विद्यापीठ, कारखाने आणि स्थानिक शासन यांच्या आधारावर क्लब चालत. उच्च श्रेणीतील खेळाडूंचे पूर्ण आयुष्य खेळाभोवतीच फिरत असले, तरी कागदोपत्री ही व्यवस्था हौशी खेळाची होती. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे वारेसेशी तुलना करताना तो उपयोगी पडेल.

६/
१९६९ साली सारायेवोत मिल्याच्का नदीकाठी ‘स्केंदेरिया’ हे भव्य सांस्कृतिक आणि क्रीडा संकुल उभे राहिले. त्याचे उद्घाटन झाले ते २९ नोव्हेंबरला, ‘नेरेत्वाची लढाई’ या युद्धपटाच्या पहिल्या खेळाने, खुद्द टिटोंच्या उपस्थितीत. चित्रपटाच्या निमित्ताने उजेडात आलेल्या या वास्तूने शहराला एक गोष्ट कायमची दिली : हजारो प्रेक्षक सामावणारे बंदिस्त क्रीडागृह. बास्केटबॉल हा छताखालचा खेळ आहे. ज्या शहराला मोठे क्रीडागृह नाही, त्याला मोठा संघ पोसणे कठीण.

७/
१९७१ साली बोस्नाने प्रशिक्षक म्हणून बोगदान तान्येविच यांची निवड केली. त्यांचे वय होते अवघे २४. माँटेनेग्रोतील प्लेव्ल्या हे त्यांचे जन्मगाव. खेळाडू म्हणून ते बेलग्रेडच्या ओकेके संघातून खेळलेले. म्हणजे स्टान्कोविच-निकोलिच परंपरेचे धडे त्यांनी जवळून गिरवले होते. इतक्या तरुण माणसाच्या हाती संघ सोपवणे हे धाडस होतेच, पण दुसऱ्या श्रेणीतील विद्यार्थी-संघाला नामांकित प्रशिक्षक मिळणेही दुरापास्त होते. अडचण आणि धाडस अनेकदा हातात हात घालून येतात.

८/
पुढच्याच वर्षी, १९७२ साली, पहिल्या श्रेणीत जाण्याची संधी आली आणि वाटेत उभा राहिला सारायेवोचाच दुसरा संघ, झेल्येझ्निचार. या शब्दाचा अर्थ ‘रेल्वे कामगार’. एकीकडे विद्यापीठाचा संघ, दुसरीकडे रेल्वेचा. निर्णायक सामना झाला स्केंदेरियातच. बोस्ना जिंकला आणि देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये दाखल झाला. शहराच्या अंतर्गत चुरशीतून बाहेर पडलेल्या या संघाला आता बेलग्रेड आणि झादारशी गाठ घ्यायची होती.

९/
त्याच १९७२ साली तुझ्ला शहरातून अठरा वर्षांचा एक खेळाडू बोस्नात आला. नाव मिर्झा देलिबाशिच. चाहत्यांचा ‘किंजे’. युगोस्लाव्हियाच्या कनिष्ठ संघाबरोबर त्याने नुकतेच युरोपीय अजिंक्यपद मिळवले होते. अशा खेळाडूवर देशातील मोठ्या क्लबांची नजर असणार, हे सांगायला नको. तो सारायेवोला आला, ही बोस्नाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानता येईल. शरीरबळावर त्याची भिस्त नव्हती. चेंडू हाती येण्याआधीच पुढचा पास त्याच्या नजरेत तयार असे, आणि लांबून टाकलेल्या चेंडूची कमान अचूक बसे.

१०/
संघ कुठून कुठून जमला, हे पाहण्यासारखे आहे. झार्को वारायिच माँटेनेग्रोतील निक्शिचचा. उंचपुरा रात्को रादोवानोविच हर्जेगोव्हिनातील नेवेसिन्येचा. स्वेतिस्लाव पेशिच नोव्ही साद येथे जन्मलेला. यांच्या जोडीला साबित हाजिच आणि अवघा अठरा-एकोणीस वर्षांचा साबाहुदिन बिलालोविच. बेलग्रेड किंवा झाग्रेबच्या बड्या क्लबांत ज्यांना वाट पाहत बसावे लागले असते, त्यांतल्या काहींना सारायेवोने लवकर मैदान दिले. तान्येविच यांनी तयार खेळाडू विकत आणले नाहीत. तशी सोयही नव्हती. त्यांनी ते वर्षानुवर्षे घडवले.

११/
यामागे एक नियमही होता, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. युगोस्लाव खेळाडूंना साधारण अठ्ठाविशीला पोहोचेपर्यंत परदेशी क्लबात जाण्याची मुभा मिळत नसे. खेळाडूच्या दृष्टीने हे बंधन जाचक होते, यात शंका नाही. क्लबासाठी मात्र ते वरदान ठरले. आजच्या युरोपात देलिबाशिचसारखा खेळाडू विशीतच माद्रिद किंवा अमेरिका गाठेल. त्या काळी तो आणि त्याचे सहकारी सात-आठ वर्षे एकत्र खेळू शकले. एकमेकांच्या हालचाली न पाहता ओळखण्याइतकी वर्षे.

१२/
१९७८ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये बोस्ना युरोपातील दुसऱ्या एका स्पर्धेच्या, कोराच चषकाच्या, अंतिम फेरीत पोहोचला. प्रतिस्पर्धी बेलग्रेडचा पार्टिझान, सामना बोस्नियातीलच बान्या लुका येथे. लढत अतिरिक्त वेळेपर्यंत ताणली गेली आणि पार्टिझान ११७-११० असा जिंकला. पार्टिझानच्या द्राझेन दालिपागिचने एकट्याने ४८ गुण केले. घरच्या प्रजासत्ताकात, हातातोंडाशी आलेला घास गेला. पण त्याच हंगामात बोस्नाने राष्ट्रीय लीग आणि राष्ट्रीय चषक दोन्ही जिंकले. बोस्नियातील क्लबाचे हे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद. युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेचे दार उघडले ते याच विजयाने.

१३/
योगायोगाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद सारायेवोला मिळाले. ऑक्टोबरमध्ये मनिला येथे युगोस्लाव्हियाने विश्वविजेतेपद मिळवले. त्या संघात देलिबाशिच आणि रादोवानोविच होते. आजवर बातम्यांच्या कडेला राहिलेले हे शहर एका वर्षात ठळक मथळ्यांत आले. संघाचा उदय आणि शहराचा उदय एकाच वेळी चालला होता, आणि एकाचा आत्मविश्वास दुसऱ्याला लागत होता.

१४/
आता वारेसेकडे वळू. उत्तर इटलीतील हे शहर आकाराने लहान, पण त्याचा क्लब त्या दशकाचा युरोपीय सम्राट. १९७० ते १९७९ या दहाही वर्षी तो अंतिम फेरीत होता आणि त्यांपैकी पाच वेळा विजेता. क्लबाचे नाव मात्र प्रायोजकाप्रमाणे बदलत जाई : आधी शीतकपाटे बनवणारी इग्निस, मग मोबिलजिर्जी, मग एमर्सन. संघात बॉब मोर्स आणि चार्ली येल्व्हर्टन हे अमेरिकी खेळाडू, आणि मध्यभागी दिनो मेनेगिन, जो दहाही अंतिम सामने खेळला. उद्योगाच्या पैशावर उभा असलेला हा क्लब आणि सर्वच्या सर्व देशी खेळाडू असलेला विद्यापीठाचा संघ : अंतिम सामना दोन वेगळ्या व्यवस्थांचाही होता.

१५/
आणि इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. वारेसेचे हे साम्राज्य ज्यांनी उभारले, ते प्रशिक्षक होते युगोस्लाव्हियाचे ‘प्राध्यापक’ अलेक्सांदर निकोलिच, वर उल्लेखिलेल्या चौघांपैकी एक. १९७०, १९७२ आणि १९७३ची अजिंक्यपदे वारेसेने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली जिंकली. त्यांचा जन्म कुठला? सारायेवोचा, १९२४ सालचा. १९७९पूर्वी त्यांनी वारेसे सोडले होते, पण ग्रनोबलच्या मैदानावर दोन्ही बाजूंच्या खेळावर त्याच शाळेची छाप होती.

१६/
अंतिम फेरीपर्यंतची वाट सोपी नव्हती. सहा संघांच्या एका गटात सगळे एकमेकांशी एकदा घरी आणि एकदा परक्या मैदानावर खेळत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा सामने. पहिले दोन संघ अंतिम फेरीत. या गटात वारेसेबरोबर आदल्या वर्षीचा विजेता रिअल माद्रिद आणि १९७७चा विजेता मक्काबी तेल अवीव हेही होते. एखादा बाद सामना नशिबाने जिंकता येतो, दहा सामन्यांच्या साखळीत नशीब फार काळ साथ देत नाही. बोस्ना अंतिम फेरीत आला तो अपघाताने नव्हे, हे सिद्ध करायला ही रचनाच पुरेशी आहे.

१७/
मग ५ एप्रिल. तो दिवस वारायिचचा होता. त्याने एकट्याने ४५ गुण नोंदवले. देलिबाशिचने ३०. म्हणजे संघाच्या ९६पैकी ७५ गुण या दोघांचे! एक गोष्ट विसरू नका : युरोपात तेव्हा तीन गुणांची रेषा अस्तित्वात नव्हती, ती आली १९८४ साली. लांबून टाकलेल्या चेंडूलाही दोनच गुण मिळत. म्हणजे हे ४५ गुण दोन-दोन आणि फ्री थ्रोच्या एक-एक गुणाने वेचलेले आहेत. वारेसेकडून मोर्सने ३० गुण केले. शेवटी अंतर राहिले अवघे तीन गुणांचे. युरोपचे सर्वोच्च अजिंक्यपद मिळवणारा बोस्ना हा पहिला युगोस्लाव क्लब ठरला.

१८/
या विजयाला ‘चमत्कार’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. चमत्कार म्हटले की कारणे शोधण्याची जबाबदारी संपते. येथे कारणे स्पष्ट दिसतात : विद्यापीठाचा आधार, १९६९चे क्रीडागृह, पराभव पचवूनही सात-आठ वर्षे हटवला न गेलेला तरुण प्रशिक्षक, खेळाडूंना एकत्र ठेवणारा नियम, आणि दर आठवड्याला पार्टिझानसारख्या संघाशी झुंजायला लावणारी राष्ट्रीय लीग. देलिबाशिचची प्रतिभा यांपैकी कशातूनही निर्माण झाली नाही, हे खरे. पण ती तुझ्लातून येऊन रुजली, ती याच जमिनीत.

१९/
पुढची कथा सरळ नाही. १९८० साली बोस्ना पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. १९८३चे तिसरे अजिंक्यपद मात्र वादग्रस्त. ९ एप्रिल १९८३ रोजी शिबेनिकमध्ये अठरा वर्षांच्या द्राझेन पेत्रोविचने वेळ संपल्यानंतर मिळालेले दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि शिबेन्का ८३-८२ने जिंकला. चषकही दिला गेला. दुसऱ्या दिवशी महासंघाने शेवटचा फाउल अवैध ठरवून सामना रद्द केला आणि नोव्ही साद येथे फेरसामना ठेवला. शिबेन्काने जाण्यास नकार दिला, म्हणून बोस्ना विजेता. त्या वेळी बोस्नाचे प्रशिक्षक होते, संघाचे पूर्वीचे खेळाडू पेशिच. प्रत्येक क्लबाच्या इतिहासात असे एखादे पान असते, जे शेजारच्या शहरात वेगळे वाचले जाते.

२०/
हळूहळू संघ विखुरला. तान्येविच १९८२ साली इटलीतील कासेर्ता येथे गेले. देलिबाशिच १९८१ साली रिअल माद्रिदमध्ये गेला आणि १९८३ साली पुन्हा आपल्या जुन्या गुरूकडे, कासेर्ताला आला. तेथे मेंदूतील रक्तस्रावाने त्याची कारकीर्द तिशीच्या आतच संपवली. त्याच्या नावावर तोवर युरोपीय, जागतिक आणि ऑलिंपिक अशी तिन्ही सुवर्णपदके होती. तो सारायेवोला परतला. इकडे युरोपचे अजिंक्यपद युगोस्लाव क्लबांकडे येतच राहिले : सिबोना दोनदा, युगोप्लास्टिका सलग तीनदा, आणि १९९२ साली पार्टिझान. ही दारे पहिल्यांदा उघडली होती बोस्नाने.

२१/
५ एप्रिल १९९२. ग्रनोबलच्या विजयाला बरोबर तेरा वर्षे झाली, त्या दिवशी सारायेवोचा वेढा सुरू झाला. जवळजवळ चार वर्षे, फेब्रुवारी १९९६पर्यंत, भोवतालच्या डोंगरांवरून शहरावर तोफा आणि बंदुका रोखलेल्या राहिल्या. अकरा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. ऑलिंपिकसाठी बांधलेले झेत्रा क्रीडागृह माऱ्यात उद्ध्वस्त झाले. देलिबाशिचने शहर सोडले नाही.

२२/
१९९३ साली स्वतंत्र बोस्निया-हर्जेगोव्हिनाचा राष्ट्रीय संघ प्रथमच युरोपीय स्पर्धेत उतरला. प्रशिक्षक देलिबाशिच. वेढ्यातून बाहेर पडण्यासाठी खेळाडूंना रात्रीच्या अंधारात, गोळीबाराच्या टप्प्यात असलेली विमानतळाची धावपट्टी धावत ओलांडावी लागली. १९७९च्या संघातील बिलालोविच या संघातही होता. पोलंडमधील पात्रता फेरी पार करून हा संघ जर्मनीत पोहोचला आणि युरोपात आठवा आला. त्याच स्पर्धेचे सुवर्णपदक म्युनिकमध्ये यजमान जर्मनीने जिंकले. जर्मनीचे प्रशिक्षक? स्वेतिस्लाव पेशिच. ग्रनोबलचे दोन सहकारी चौदा वर्षांनी एकाच स्पर्धेत दोन देशांचे प्रशिक्षक होते. आणि ज्या देशासाठी दोघे वाढले, तो देश उरला नव्हता.

२३/
मित्रहो, इतिहासाच्या अभ्यासकाची खरी कसोटी येथे लागते. ५ एप्रिल १९७९ आणि ५ एप्रिल १९९२ या तारखांची जुळणी इतकी विलक्षण आहे की दोन सोपे निष्कर्ष मनात आपोआप उमटतात. पहिला : ‘बघा, किती गुण्यागोविंदाने सारे नांदत होते!’ दुसरा : ‘बघा, हे सारे वरवरचे होते; फुटणारच होते.’ दोन्ही निष्कर्ष १९७९च्या खेळाडूंची नावे घेतात, त्या नावांवरून त्यांना समाजांच्या चौकटीत बसवतात आणि मग आपल्याला हवा तो पुरावा काढतात. दोन्ही ठिकाणी १९९२चा चष्मा लावून १९७९कडे पाहिले जाते.

२४/
ग्रनोबलमध्ये उतरलेल्या त्या तरुणांना पुढचे काही ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न होते ते मेनेगिनला कसे रोखायचे आणि वारायिचपर्यंत चेंडू कसा पोहोचवायचा. त्यांचा विजय युद्ध टाळू शकला नाही. तसा भार एका बास्केटबॉल संघावर टाकणे अन्यायाचे आहे. पण पुढे युद्ध झाले, म्हणून तो विजय खोटाही ठरत नाही. भूतकाळातील माणसांना त्यांचे स्वतःचे भविष्य खुले असू देणे, हे इतिहासलेखनाचे पहिले सौजन्य आहे. सारायेवोतील त्या सात वर्षांना ते द्यायला हवे.

२५/
तान्येविच यांनी पुढे इटलीला १९९९ साली युरोपविजेते केले आणि तुर्कस्तानला २०१०च्या विश्वचषकात उपविजेते. पेशिच यांच्या मार्गदर्शनाखाली युगोस्लाव्हिया २००२ साली विश्वविजेता झाला आणि बार्सिलोना २००३ साली युरोलीगचा विजेता. सारायेवोच्या एका विद्यापीठ-संघातून निघालेली ही परंपरा आहे. देलिबाशिच मात्र आपल्या शहरातच राहिला आणि ८ डिसेंबर २००१ रोजी, ४७व्या वर्षी, तेथेच वारला. ज्या स्केंदेरियात १९७२ साली बोस्ना पहिल्या श्रेणीत गेला, तेथील क्रीडागृहाला आज मिर्झा देलिबाशिच यांचे नाव आहे. बोस्नियातील दुसऱ्या कोणत्याही क्लबाने युरोपचे हे अजिंक्यपद अद्याप जिंकलेले नाही.

थ्रेड समाप्त. शंका, प्रश्न, पूरक माहिती असल्यास खाली अवश्य लिहा. 🏀